पहिल्या शेतकऱ्याची हमाली दुसऱ्याच्या पट्टीत: पायथनच्या ऐच्छिक पॅरामीटरचा वारंवार येणारा घोळ

तक्रार बहुतेक वेळा अशी येते. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानासाठी हळदीच्या पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशोब-पावत्या) काढणारा छोटा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिलेला असतो. सकाळची पहिली पट्टी चोख निघते. दुसऱ्या पट्टीत हमाली-तोलाईच्या दोन ओळींऐवजी चार ओळी येतात, तिसरीत सहा. कुणीतरी प्रोग्राम बंद करून परत चालू करतं, पुढची पट्टी बरोबर येते आणि सगळ्यांना हायसं वाटतं. तासाभरात पुन्हा तेच.

पहिला कॉल, म्हणजे फंक्शनला मारलेली पहिली हाक, नेहमी बरोबर असणं आणि रीस्टार्ट केल्यावर दुखणं थांबणं, या दोन खुणा एकत्र दिसल्या की डेटाबेस, प्रिंटर किंवा एक्सेलच्या फायलीच्या मागे लागू नका. आधी फंक्शनची पहिली ओळ उघडा आणि कंसातल्या बरोबरीच्या चिन्हापुढे काय लिहिलंय ते बघा. असं चिन्ह असलेला पॅरामीटर ऐच्छिक असतो: हाक मारताना तो दिला नाही, तर चिन्हापुढची किंमत, म्हणजे डिफॉल्ट, लागते. तिथे रिकामी लिस्ट किंवा रिकामी डिक्शनरी दिसली तर दहातल्या नऊ वेळा चोर तिथेच सापडतो.

खालचा कोड वाचण्याआधी एक सूचना. डेफ, इफ, इज, रिटर्न, नन, अपेंड आणि पुढे येणारे असेच बाकीचे पायथनचे स्वतःचे शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीतच टाइप करायचे. चलांची आणि फंक्शनची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीतही चालतात, तेव्हा पोती, कपाती, पट्टी ही नावं तशीच ठेवली तरी प्रोग्राम चालेल. आकडे इंग्रजी वळणाचेच हवेत: कोडमध्ये ५ असं मराठी वळणाने लिहिलं तर सिंटॅक्स एरर येते. गंमत म्हणजे तोच ५ अवतरणचिन्हांत घालून इंट या फंक्शनला दिला तर त्याचा आकडा बरोबर होतो. आणखी एक खड्डा मराठी टाइप करणाऱ्यांच्याच वाट्याला येतो. ‘शेतकऱ्याचं’ मधला ऱ्य काही कीबोर्ड अदृश्य जोडचिन्ह घालून काढतात. ते चिन्ह चलाच्या नावात चालत नाही, आणि ओळीत डोळ्यांना काहीच चुकीचं दिसत नसताना एरर येते. ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरणारा कीबोर्ड घ्या, नाहीतर असं नाव टाळा.

आता मूळ कोड. पोत्यामागे हमाली १० रुपये आणि तोलाई ५ रुपये धरू. हे दर फक्त उदाहरणासाठी आहेत.

    डेफ पट्टी(पोती, कपाती=[]):
        कपाती.अपेंड(("हमाली", पोती * १०))
        कपाती.अपेंड(("तोलाई", पोती * ५))
        रिटर्न कपाती

लिहिणाऱ्याचा हेतू सरळ आहे. एखाद्या शेतकऱ्याची उचल किंवा टेंपोचं भाडं कापायचं असेल तर ते लिस्टमधून द्यावं, नसेल तर काही देऊ नये आणि रिकाम्या लिस्टपासून सुरुवात व्हावी. पहिला शेतकरी १२ पोती आणतो: १२० अधिक ६०, कपात १८० रुपये. बरोबर. दुसऱ्याची ८ पोती, म्हणजे ८० अधिक ४०, कपात १२० यायला हवी; येते ३००. तिसऱ्याची २० पोती, कपात ३०० हवी, येते ६००. दुसऱ्याने पहिल्याचे १८० भरले, तिसऱ्याने दोघांचे ३००. दिवस जितका पुढे जाईल तितका शेवटच्या माणसावरचा बोजा वाढत जातो. म्हणूनच ही चूक किरकोळ समजू नये.

कारण एका वाक्यात सांगता येतं, पण ते डोक्यात नीट बसेपर्यंत जरा थांबावं लागतं. पायथनमध्ये डेफ ही चालणारी आज्ञा आहे. फाइल वाचताना पायथन डेफच्या ओळीवर पोचतो, तेव्हा तो फंक्शन नावाचं ऑब्जेक्ट तयार करतो आणि त्याच क्षणी, एकदाच, बरोबरीच्या चिन्हापुढची किंमत काढतो. आपल्या उदाहरणात तेव्हा एक रिकामी लिस्ट तयार होते आणि ती फंक्शनला कायमची चिकटते. पुढे कपाती न देता शंभर वेळा हाक मारली तरी शंभर वेळा हीच लिस्ट हातात येते. अपेंड नवीन लिस्ट करत नाही, आहे त्याच लिस्टमध्ये भर घालतं. दुकानात एकच पाटी आहे, प्रत्येक जण तिच्यावर लिहून जातो आणि पुसणारं कुणी नाही, असा तो प्रकार.

यावर विश्वास ठेवायची गरज नाही, तपासून बघता येतं. फंक्शनला चिकटलेल्या डिफॉल्ट किमती त्याच्या डिफॉल्ट्स नावाच्या गुणधर्मात असतात. नावाच्या आधी आणि नंतर दोन-दोन अंडरस्कोर. पायथनच्या प्रॉम्प्टवर हे करा:

    >>> पट्टी.__डिफॉल्ट्स__
    ([],)
    >>> पट्टी(१२)
    [('हमाली', १२०), ('तोलाई', ६०)]
    >>> पट्टी.__डिफॉल्ट्स__
    ([('हमाली', १२०), ('तोलाई', ६०)],)

कॉलच्या आधी रिकामी असलेली लिस्ट कॉलनंतर भरलेली दिसली की निदान पक्कं. चालू प्रोग्राममध्ये संशय असेल तर हीच ओळ लॉगमध्ये छापा. फंक्शनच्या पहिल्या ओळीत आयडी(कपाती) छापूनही अंदाज येतो: दर वेळी तोच क्रमांक आला तर संशय बळावतो, पण तेवढ्यावर निदान करू नका, कारण जुनं ऑब्जेक्ट मोकळं झालं की त्याचा क्रमांक नव्यालाही मिळू शकतो.

हे इतक्या उशिरा का सापडतं, त्यालाही ठरावीक कारणं आहेत. वेब फ्रेमवर्कचा विकास-सर्व्हर फाइल जतन केली की स्वतःला पुन्हा चालू करतो, त्यामुळे दर दोन मिनिटांनी कोड बदलणाऱ्याला नेहमी ‘पहिला कॉल’च दिसतो. टेस्ट एकटी चालवली तर पास होते. सगळ्या एकत्र चालवल्या की दुसरी किंवा तिसरी नापास, कारण सगळ्या एकाच प्रोसेसमध्ये चालतात. आणि खऱ्या सर्व्हरवर चार वर्कर (एकाच प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रती) असतील तर प्रत्येक वर्कर प्रोसेसची स्वतःची लिस्ट असते. कोणती पट्टी कोणत्या वर्करकडे जाईल ते ठरलेलं नसतं, म्हणून चूक कधी येते, कधी नाही, आणि बिचाऱ्या नेटवर्कवर आळ जातो.

लक्षणाचं आणखी एक रूप लोकांना गोंधळात टाकतं. वरच्या वर्णनात प्रत्येक पट्टी काढल्याबरोबर जतन होते, म्हणून ओळी वाढत वाढत जाताना दिसतात. काही प्रोग्राम दिवसभराच्या पट्ट्या मेमरीत धरून संध्याकाळी एकदम जतन करतात. तिथे सगळ्या पट्ट्यांत अगदी सारखीच, सगळ्यांच्या कपाती असलेली लांबलचक यादी येते, पहिल्या शेतकऱ्याच्या पट्टीतसुद्धा. कारण सगळ्यांकडे एकाच लिस्टची वाट आहे आणि संध्याकाळी ती पूर्ण भरलेली आहे. चूक तीच आहे, दिसते मात्र वेगळी.

उलटही घडतं. कोडात रिकामी लिस्ट डिफॉल्ट म्हणून वर्षानुवर्षं पडून असते आणि काहीच बिघडत नाही. आत कपाती = कपाती + [...] असं लिहिलेलं असतं, अधिक चिन्ह नवीन लिस्ट तयार करतं, जुनीला हात लावत नाही. मग कुणीतरी ती ओळ आटोपशीर करायला += वापरतो. लिस्टवर += जागेवरच भर घालतं आणि झोपलेली चूक जागी होते. म्हणून ‘इतके दिवस चालत होतं’ हा पुरावा धरू नका.

दुरुस्ती

सगळीकडे सांगितली जाणारी दुरुस्ती ही:

    डेफ पट्टी(पोती, कपाती=नन):
        इफ कपाती इज नन:
            कपाती = []
        कपाती.अपेंड(("हमाली", पोती * १०))
        कपाती.अपेंड(("तोलाई", पोती * ५))
        रिटर्न कपाती

नन बदलता येत नाही, त्यामुळे तो फंक्शनला चिकटून राहिला तरी बिघडत नाही, आणि रिकामी लिस्ट आता फंक्शनच्या आत, दर कॉलला नव्याने तयार होते. मूळ घोळ मिटला. पण पट्टीच्या कामात एवढ्याने भागत नाही. समजा तासगावहून एकाच टेंपोतून दोन शेतकऱ्यांचा माल आला आणि भाड्याची लिस्ट दोघांसाठी एकदाच केली:

    भाडं = [("भाडं", ४००)]
    पट्टी(१२, भाडं)
    पट्टी(८, भाडं)

दुसऱ्या पट्टीत पुन्हा पहिल्याचे १८० रुपये. या वेळी डिफॉल्टचा दोष नाही. फंक्शनने कॉल करणाऱ्याने दिलेल्या लिस्टमध्ये परस्पर भर घातली. म्हणून अशा कामाला खालचं रूप जास्त चांगलं:

    डेफ पट्टी(पोती, जादा=()):
        कपाती = लिस्ट(जादा)
        कपाती.अपेंड(("हमाली", पोती * १०))
        कपाती.अपेंड(("तोलाई", पोती * ५))
        रिटर्न कपाती

डिफॉल्ट म्हणून रिकामा टपल (गोल कंसातली यादी) दिला. तो बदलताच येत नाही. आत पहिल्याच ओळीला स्वतःची प्रत काढली. आता कॉल करणाऱ्याने लिस्ट द्यावी, टपल द्यावा किंवा काहीच देऊ नये, कुणाच्याही सामानाला धक्का लागत नाही. हिशोबाच्या कोडात हेच रूप वापरावं असं आमचं स्पष्ट मत आहे. ननवालं रूप फक्त तेव्हा, जेव्हा दिलेल्या लिस्टमध्ये भर पडणं हाच कॉल करणाऱ्याचा हेतू असतो.

दोन दुरुस्त्या टाळा. एक, फंक्शनच्या शेवटी लिस्ट रिकामी करणं. जी लिस्ट परत दिली तीच रिकामी होते, मग पट्टीत कपातच उरत नाही. दोन, कपाती = कपाती or [] हे आखूड रूप; यातला शब्द ‘ऑर’ म्हणून वाचा. पायथन रिकाम्या लिस्टलाही खोटं मानतो. कुणी मुद्दाम रिकामी लिस्ट भरून घ्यायला दिली तर हे रूप ती बाजूला टाकून दुसरीच भरतं, आणि कॉल करणाऱ्याच्या हातात रिकामीच राहते.

शून्य म्हणजे ‘दिलं नाही’ असं नाही

त्या ‘ऑर’चा खरा त्रास आकड्यांत होतो. सातारा जिल्ह्यातल्या दूध संकलन केंद्रासारखी गोष्ट घ्या. गायीच्या दुधाचा दर काढताना ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हा पायाभूत दर्जा धरतात. कुणी असं लिहितं:

    डेफ दूध_दर(फॅट, एसएनएफ=नन):
        एसएनएफ = एसएनएफ ऑर ८.५

मशीनने रीडिंग दिलंच नाही तर ८.५ धरावं, हा विचार. पण मशीनचा सेन्सर बिघडून ० आला तर? शून्य हेही पायथनच्या लेखी खोटं, त्यामुळे त्याचेही मुकाट ८.५ होतात. जिथे प्रोग्रामने थांबून ‘रीडिंग तपासा’ म्हणायला हवं होतं, तिथे बिघडलेल्या मशीनवरचं दूध प्रमाणित दर्जाचं ठरतं. महिनाभर कळत नाही. इफ एसएनएफ इज नन असंच विचारायचं, आणि त्याच्या खाली शून्य किंवा उणे आकडा आला तर व्हॅल्यू-एरर उठवायची. हमाली माफ केलेल्या शेतकऱ्याला ० दिल्यावर तिचे १० होतात, तेही याच कारणाने.

कधी कधी ननलाच अर्थ असतो. सभासदाची माहिती बदलणाऱ्या फंक्शनमध्ये ‘मोबाइल नंबर काढून टाका’ आणि ‘मोबाइलला हात लावू नका’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी नन दिला, तर दुसऱ्यासाठी वेगळी खूण लागते. फाइलच्या वरच्या भागात ती एकदा करून ठेवा:

    न_दिलेलं = ऑब्जेक्ट()

    डेफ सभासद_बदल(क्रमांक, मोबाइल=न_दिलेलं):
        इफ मोबाइल इज नॉट न_दिलेलं:
            मोबाइल_लिही(क्रमांक, मोबाइल)

तुलना इज वापरूनच करायची, दोन बरोबरीच्या चिन्हांनी नाही. इथे ‘एकदाच तयार होतं’ हा पायथनचा नियम आपल्या बाजूने काम करतो: खूण एकच असल्यामुळेच ती ओळखता येते.

तारीख सोमवारीच अडकलेली

पट्टीवरची तारीख बदलत नाही, ही तक्रारही याच घरातली. डेफ पट्टी_छाप(पट्टी, दिनांक=डेट.टुडे()) असं लिहिलं की तारीख प्रोग्राम सुरू होतानाच एकदा काढली जाते. सर्व्हर सोमवारी सुरू झाला असेल तर शुक्रवारच्या पट्टीवरही सोमवार. दिनांक=नन ठेवून आत आजची तारीख काढा. सेटिंगमधून दर वाचून डिफॉल्ट ठेवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. हमालीचा दर सेटिंगमध्ये बदलला, पडद्यावर नवा दिसतो, आणि पट्टीत जुनाच लागतो, कारण जुना दर डेफच्या ओळीवरच टिपला गेला.

क्रमाने दिलेला आकडा भलत्याच जागी

आता जरा वेगळा दोष, पण परिणाम सर्वात गंभीर. सांगलीत कृष्णेच्या पाण्याची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पातळीवरून संदेश पाठवणारं फंक्शन असं आहे:

    डेफ पाणी_स्थिती(पातळी, इशारा=४०, धोका=४५):
        इफ पातळी >= धोका:
            रिटर्न "धोका"
        इफ पातळी >= इशारा:
            रिटर्न "इशारा"
        रिटर्न "सामान्य"

कुणाला तरी धोक्याची पातळी ४४ करून बघायची होती. त्याने पाणी_स्थिती(४१, ४४) लिहिलं. पायथनने ४४ हा आकडा दुसऱ्या जागेवर, म्हणजे इशाऱ्याला लावला. ४१ फुटांवर उत्तर आलं ‘सामान्य’. एरर नाही, लाल अक्षर नाही. ऐच्छिक पॅरामीटर दोन किंवा जास्त असले आणि सगळे आकडेच असले, की ही चूक आज ना उद्या होतेच.

उपाय एका फुलीचा. पहिल्या पॅरामीटरनंतर फक्त * ठेवा:

    डेफ पाणी_स्थिती(पातळी, *, इशारा=४०, धोका=४५):

फुलीनंतरची सगळी नावानेच द्यावी लागतात. पाणी_स्थिती(४१, धोका=४४) चालतं; नुसतं (४१, ४४) दिलं तर टाइप-एरर येऊन प्रोग्राम तिथेच थांबतो, आणि या कामात थांबणंच हवं आहे. ही सोय पायथन ३.० पासून आहे. जुन्या कोडात फुली घालण्याआधी सगळे कॉल शोधून नावं घाला, नाहीतर चालू असलेल्या जागा बंद पडतील. फुलीनंतरचे डिफॉल्ट वर सांगितलेल्या डिफॉल्ट्स गुणधर्मात दिसत नाहीत. त्यांच्यासाठी केडब्ल्यू-डिफॉल्ट्स हा वेगळा गुणधर्म आहे. तपासताना दोन्ही बघा.

हो-नाही ठरवणाऱ्या पॅरामीटरला तर ही फुली सक्तीची समजावी. पट्टी_छाप(प, ट्रू, फॉल्स) वाचून कुणालाच काही कळत नाही.

नवीन ऐच्छिक पॅरामीटर वाढवायचा असेल तर तो शेवटी किंवा फुलीनंतरच घाला. मध्ये घुसवला की जुन्या कॉलमधले आकडे एकेक घर सरकतात. डिफॉल्ट नसलेला पॅरामीटर डिफॉल्टवाल्याच्या नंतर लिहिला तर पायथन सिंटॅक्स एरर देऊन अडवतोच, फुलीनंतर मात्र तो क्रम चालतो. या एररचं वाक्य ३.१२ पासून बदललं आहे, तेव्हा जुन्या उत्तरांतलं वाक्य शब्दशः जुळलं नाही तरी एरर तीच.

नन खाली उतरतो तेव्हा

एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारतं, दोघांनाही ‘प्रती’ हा ऐच्छिक पॅरामीटर. वरच्याचा डिफॉल्ट नन, आतल्याचा २. वरचं फंक्शन आतल्याला प्रती=प्रती असं देतं. अपेक्षा अशी की काहीच दिलं नाही तर दोन प्रती निघतील. पण नन दिला म्हणजे ‘दिलं नाही’ असं होत नाही. दिलंच, आणि ते नन आहे. आतला डिफॉल्ट वापरलाच जात नाही, आणि आत प्रती मोजायला रेंज(प्रती) लिहिलं असेल तर त्याचं रेंज(नन) होऊन टाइप-एरर येते. आतल्या फंक्शननेच नन ओळखून त्याचे २ करावेत आणि वरच्या सगळ्यांनी नन बिनघोर खाली द्यावा, हा मार्ग सर्वात टिकाऊ. २ हा आकडा दोन्ही ठिकाणी लिहिला तर उद्या एकाच ठिकाणी बदलला जातो.

टाइप-हिंटमुळेही (किंमत कोणत्या प्रकारची हवी ते सांगणारी खूण) इथे गैरसमज होतो. ऑप्शनल[इंट] याचा अर्थ ‘इंट किंवा नन’ एवढाच. तो पॅरामीटर वगळता येतो असा त्याचा अर्थ नाही. वगळता यायला बरोबरीचं चिन्ह आणि डिफॉल्टच लागतो. नावच फसवं आहे. पायथन ३.१० पासून इंट | नन असं लिहिता येतं, तेच लिहा.

डेटाक्लास वापरणाऱ्यांना पायथन स्वतःच अडवतो: फील्डला रिकामी लिस्ट डिफॉल्ट दिली तर व्हॅल्यू-एरर येते आणि डिफॉल्ट-फॅक्टरी वापरा असं सांगते. फील्ड(डिफॉल्ट_फॅक्टरी=लिस्ट) दिलं की झालं. साध्या क्लासमध्ये क्लासच्या पातळीवर लिहिलेली लिस्ट मात्र अडवली जात नाही आणि सगळ्या ऑब्जेक्टांत सामाईक राहते.

जावास्क्रिप्टमधून आलेल्यांचा गोंधळ जास्त होतो, कारण तिथे २०१५ च्या मानकापासून डिफॉल्ट किंमत दर कॉलला नव्याने काढली जाते. रिकामा अ‍ॅरे डिफॉल्ट ठेवला तरी बिनधास्त. तिथला फासा वेगळा आहे: अनडिफाइंड दिलं तर डिफॉल्ट लागतो, नल दिलं तर लागत नाही. रुबी आणि कोटलिनही दर कॉलला किंमत काढतात. सी-शार्पमध्ये डिफॉल्ट हाक मारणाऱ्याच्या कोडात कंपाइल होऊन बसतो, म्हणून लायब्ररीतला डिफॉल्ट बदलला तरी हाक मारणारा प्रोग्राम पुन्हा कंपाइल करेपर्यंत जुनाच लागतो. जावात ही सोयच नाही, एकाच नावाची अनेक मेथड लिहितात.

पुन्हा येऊ नये म्हणून, आणि झालेलं निस्तरायला

डोळ्यांवर भरवसा ठेवण्यापेक्षा लिंटर (कोड न चालवता त्यातले दोष दाखवणारं साधन) लावा. पायलिंटचा डब्ल्यू०१०२ हा इशारा बदलता येणारे डिफॉल्ट पकडतो. फ्लेक८ ला बगबेअर जोडलं तर बी००६ लिस्ट-डिक्शनरी पकडतो आणि बी००८ तारखेसारखे फंक्शन-कॉल. रफमध्येही हे दोन्ही नियम आहेत, फक्त बी गट सेटिंगमध्ये चालू असल्याची खात्री करा. टेस्ट लिहिताना एकाच फंक्शनला सलग दोनदा हाक मारून दोन्ही उत्तरं तपासा. एकदाच मारलेल्या हाकेत हा दोष कधीच सापडणार नाही.

कोड दुरुस्त झाला तरी निघालेल्या पट्ट्या चुकीच्याच असतात. त्या शोधायला पट्ट्या तयार झाल्याच्या वेळेने लावा. पट्टीतली कपातीची यादी तिच्या आधीच्या पट्टीच्या पूर्ण यादीने सुरू होत असेल, तर ती दूषित आहे. आधीची यादी वगळून उरलेला शेवटचा भाग ही तिची खरी कपात. वरच्या उदाहरणात तिसऱ्या पट्टीत सहा ओळी आहेत, आधीच्या चार वगळल्या की उरतात २०० आणि १००. ज्या पट्टीला उचल किंवा भाडं मुद्दाम दिलं होतं, ती डिफॉल्ट लिस्टला शिवलेलीच नसते, म्हणून तुलना करताना तिला ओलांडून मागच्या पट्टीशी करा. सर्व्हरवर चार वर्कर असतील तर एका साखळीऐवजी चार साखळ्या एकमेकींत मिसळलेल्या मिळतील. प्रत्येक पट्टी मागच्या कोणत्या पट्टीशी जुळते ते शोधत जावं लागेल. रीस्टार्टच्या वेळा लॉगमध्ये असतात, तिथे साखळी तुटून नवी सुरू होते.

पट्ट्या संध्याकाळी एकदम जतन होत असतील तर सगळ्या याद्या सारख्याच असल्यामुळे ही रीत चालत नाही. तिथे पोत्यांच्या नोंदीवरून हमाली आणि तोलाई पुन्हा काढा. जुनी पट्टी खोडू किंवा बदलू नका. नव्या क्रमांकाची दुरुस्ती पट्टी काढा, तिच्यावर जुन्या पट्टीचा क्रमांक आणि जादा कापलेली रक्कम लिहा, आणि ती रक्कम त्या शेतकऱ्याच्या खात्यावर जमा दाखवा.